परत अदलाबदल? वा रे वा!

अ‍ॅनिमेत कुणी दोघांच्या जागांची अदलाबदल करायची शक्ती काढली की माझं डोकंच फिरतं. शक्ती भारी आहे, वाद नाही. पण दर वेळी तेच! खलनायक जीव खाऊन ठोसा हाणतो, ऐन वेळी अदलाबदल, ठोसा त्याच्याच साथीदाराला. आणि हा डोळे फाडून ‘काय?!’ अरे, मघाशी तुझ्यासमोरच झालं ना हे?

‘जुजुत्सु कायसेन’मधला तोदो आवडतो तो यासाठीच. गडी टाळी वाजवून जागा बदलतो, आणि कधीकधी टाळी वाजवूनही मुद्दाम काहीच बदलत नाही. आता बस अंदाज बांधत! ‘वन पीस’मधला लॉसुद्धा निदान आधी आपली ‘रूम’, म्हणजे शक्ती जिथे चालते तो घुमट, पसरवतो. बाकीच्यांना ना अंतराचं बंधन ना दम लागणं, लेखक अडला की झाली अदलाबदल.

गेममध्ये तर वेगळाच ताप. ‘डोटा २’ या पाच विरुद्ध पाच ऑनलाइन गेममध्ये व्हेंजफुल स्पिरिट नावाचं पात्र घेतलेला आपलाच भिडू एकटा पाच जणांत घुसतो. अंगाशी आलं की त्या पात्राची अदलाबदलीची शक्ती, ‘नेदर स्वॅप’! मागे निवांत उभा असलेला मी थेट त्या पाचांच्या मधोमध, आणि हा माझ्या जागी सुखरूप. वर चॅटमध्ये ‘सॉरी, मिसक्लिक’. मिसक्लिक म्हणे!