रेघ हलतीया

गेल्या आठवड्यात आमच्या फ्लेक्स छापायच्या मशिनचं शाई सोडणारं हेड चोक झालं. क्लीनिंगला लावलं की अर्धा-पाऊण तास हातावर हात धरून बसायचं. समोर डिझाइनचा मोठा मॉनिटर मोकळा होता, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून आमच्या वेळचे चॅनेल व्ही, एमटीव्हीवरचे गाण्यांचे व्हिडिओ लावले. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. मशिन कधीच मोकळं झालं होतं, मी काही उठलो नाही.

काही व्हिडिओ इतके शिळे झालेत की शेवटपर्यंत बघवत नाहीत, आणि काही आजही जागचं हलू देत नाहीत. असं का, हे बघता बघता माझ्या डोक्यात आलं ते लिहितोय. पटलं नाही तर भांडा, सवय आहे.

आमचं मूळचं काम बोर्ड पेंटिंगचं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत काकांचं दुकान होतं. मागच्या खोलीत ट्रेसिंगचं टेबल: लाकडी चौकट, वर काच, काचेखाली दोन बल्ब. फोटो काचेवर, त्यावर बटर पेपर, आणि पेन्सिलीनं रेघ उतरवायची. दहावीच्या सुट्टीत माझा सगळा दिवस त्या टेबलावर. उन्हाळ्यात बल्बच्या उष्णतेनं मनगट भाजायचं आणि घामानं कागद चिकटायचा. काकांचा नियम एकच, रेघ एका दमात आली पाहिजे, थरथरली की कागद फाडायचा.

त्याच वर्षी शेजाऱ्यांकडं केबल आली. एका संध्याकाळी 'अहा' या नॉर्वेच्या बँडचं 'टेक ऑन मी' लागलं. कॅफेत बसलेल्या पोरीसमोरच्या कॉमिकमधून पेन्सिलीनं काढलेला हात बाहेर येतो आणि तिला आत ओढून घेतो. आम्ही पोरं आ वासून. काका दारात चहाचा ग्लास घेऊन उभे. त्यांना गाण्याशी काही देणं-घेणं नव्हतं. बघत राहिले आणि म्हणाले, "ट्रेसिंग हाय हे. फोटोवरनं उतरवलंय. बघ की, रेघ हलतीया."

मला तेव्हा काही कळलं नाही. पुढं वाचलं तेव्हा कळलं की माणूस बरोबर बोलला होता. आधी माणसांना घेऊन फिल्मवर शूटिंग केलं, मग एकेक फ्रेम घेऊन त्यावरून पेन्सिलीनं चित्र काढलं. याला रोटोस्कोपिंग म्हणतात. तीन हजारांच्या आसपास चित्रं, चार महिन्यांच्या आसपास काम. काढणारे मायकल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर, दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन, साल १९८५. दर चित्र नव्यानं काढल्यामुळं रेघ त्याच जागी पडत नाही, आणि पडद्यावर ती सतत थरथरते. काका त्या दिवशी पुढं म्हणाले होते, "आपल्याकडं असली रेघ काढली तर गिऱ्हाईक पैसं देत न्हाई लेका." पण चॅनेल काही बदलू दिलं नाही.

तर माझं म्हणणं असं, की ज्या व्हिडिओत कुणीतरी हातानं राबलेलं दिसतं तो टिकलाय. नुसता पैसा दिसतो तो गेला.

पीटर गॅब्रिएल या इंग्लंडच्या गायकाचं 'स्लेजहॅमर' घ्या. १९८६ चं. एक फ्रेम काढायची, वस्तू जराशी हलवायची, पुन्हा एक फ्रेम. तोंडाभोवती फळं नाचतात, आगगाडी डोक्याला फेरी मारते, आणि प्रत्येक फ्रेमला तो गडी तोंड तसंच धरून बसलेला. काचेखाली सोळा तास पडून होता म्हणे. आर्डमन या ॲनिमेशनवाल्यांचं काम त्यात आहे. सोललेल्या दोन कोंबड्या नाचतात ना, त्या त्यांच्यातल्याच निक पार्कनं नाचवल्यात. खरोखरच्या कोंबड्या, वर स्टुडिओचे दिवे! वास कसा सुटला असेल, हे पांढऱ्या रश्श्याच्या गावात सांगायला नको. १९८७ साली एमटीव्हीची नऊ बक्षिसं त्या एका व्हिडिओला मिळाली.

जमिरोक्वाय या ब्रिटनच्या बँडचं 'व्हर्च्युअल इन्सॅनिटी' (१९९६) बघताना तर आम्ही पोरांनी पैजा लावल्या होत्या. जमीन सरकते, सोफा सरकतो, गायक वर नाचतोय. फरशी पट्ट्यापट्ट्यांची असणार, असं माझं ठाम मत होतं. पैज हरलो. जमीन जागेवरच होती, सरकत होत्या भिंती. खोलीच्या भिंतींना चाकं, कॅमेरा भिंतींबरोबर बांधलेला, आणि माणसं ढकलणारी. कॅमेरा भिंतींसोबत गेला की आपल्याला वाटतं फरशीच पळाली. नाटकाचा सेट विंगेतून ओढणारे केशवराव भोसले नाट्यगृहातले गडी हे बघून हसले असते, म्हणाले असते आम्ही रोज करतोय.

आपल्याकडचं सांगायचं तर दलेर मेहंदीचं 'तुनक तुनक तुन', १९९८. व्हिडिओत सुंदर पोरी असतात म्हणून याची गाणी चालतात, असं लोक बोलायला लागले. मग यानं व्हिडिओत पोरगीच ठेवली नाही, चारही दलेर स्वतःच! मागचं चित्र कॉम्प्युटरनं चिकटवलेलं, कडा उघड दिसतात. आज आमच्याकडचा नवा पोरगाही त्याहून स्वच्छ कटिंग करतो. तरी बघा, हसू येतं आणि पाय हलतातच. तिथं ना पैसा ना कारागिरी, माझा सिद्धांत तिथं जरा लंगडतो. लंगडू दे. अंगात येऊन नाचणं हीसुद्धा हातमेहनतच.

उलट मायकल जॅक्सनचं 'ब्लॅक ऑर व्हाइट'. १९९१ साली शेवटी एका चेहऱ्यातून दुसरा चेहरा निघत जातो, ते बघून आम्हाला वाटलं होतं जग बदललं. आता तेच मोबाइलवर फुकटात होतं. ज्या गोष्टीसाठी बघायचो तीच संपली. त्याच माणसाच्या 'थ्रिलर'मधली प्रेतं मात्र रंगवून, घामाघूम करून नाचवलेली आहेत, ती अजून चालतात. आणि गन्स अँड रोझेस या बँडचं 'नोव्हेंबर रेन'? हजार वेळा बघितलंय, माफ करा, आता ते मला श्रीमंताच्या लग्नाच्या अल्बमसारखं वाटतं.

डान्स गाण्यांचं प्रकरणच वेगळं. ती आम्ही बघितलीच नाहीत, अंगावर घेतली. व्हेंगाबॉइज, इफेल ६५ हे बँड मला टीव्हीपेक्षा मिरजकर तिकटी ते पापाची तिकटी एवढ्या अंतरात जास्त आठवतात. विसर्जनाची मिरवणूक, ट्रॉलीवर डॉल्बी, छातीत दणका, आणि शब्द एकालाही कळत नाही. इफेल ६५च्या त्या निळ्या कॉम्प्युटरी बाहुल्यांचा व्हिडिओ परवा पहिल्यांदा नीट बघितला. अगदीच कच्चं काम. पण ठोका वाजला आणि दुकानात एकट्यानं हात वर गेला, खोटं कशाला बोलू.

आता अशा बऱ्याच जुन्या व्हिडिओंच्या 'फोर के', म्हणजे जास्त बारीक तपशील दिसणाऱ्या आवृत्त्या निघाल्यात. 'टेक ऑन मी'ची २०१९ ला आली. मूळ शूटिंग फिल्मवर असेल तर त्या फिल्मवरून पुन्हा चांगलं काढता येतं, कारण तेव्हा टीव्हीवर जायची ती व्हिडिओ टेप, फिल्मचा निम्मा तपशील तिथंच मरायचा. अशी आवृत्ती जरूर बघा. पेन्सिलीचा दाणा दिसतो, शेजाऱ्यांच्या मुंग्या येणाऱ्या टीव्हीवर तो कधीच दिसला नव्हता. मात्र कुणीतरी एआयमधून घासून काढलेले व्हिडिओ फिरतात ते बघू नका. सगळ्यांची कातडी गुळगुळीत, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या भाऊंसारखी. ती कातडी मीच रोज गुळगुळीत करतो, त्याचे पैसे घेतो, त्यामुळं लगेच ओळखू येते.

बोर्ड रंगवणाऱ्यांच्या गावाला हे वेगळं सांगायची गरज नाही खरं तर. बाबूराव पेंटर मूळचे पडदे रंगवणारे. याच गावात त्यांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा सिनेमा पडद्यावर आणला. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभासमोरून मी रोज गाडी घालतो. आणि दुकानात येऊन गुगलवरून गुलाबाची फुलं डाउनलोड करतो.

तर रविवारी माझ्या मुलीला 'टेक ऑन मी' दाखवला. म्हणाली, "पप्पा, याला फिल्टर आहे." म्हटलं, बस इथं. ट्रेसिंग टेबलावर आम्ही हल्ली फ्लेक्स कापतो. त्यावरचं सामान काढलं. काचेला एक चीर आहे, बल्बच्या जागी एलईडी पट्टी लावली. तिचा नाचतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ घेतला, त्यातल्या बारा फ्रेम प्रिंट केल्या आणि दोघं ट्रेस करायला बसलो. पाचव्या कागदाला तिची मान दुखली, आठव्याला माझी. दुपारी अडीचला बसलो ते दिवेलागणीला उठलो. स्कॅन करून जोडलं, एक सेकंद झाला.

कॉमेंटमध्ये टाकलाय. सातव्या कागदावर नाक एकदम मोठं झालंय, ते माझं काम आहे, तिला नावं ठेवू नका.