मुख्याध्यापकपद सोडताना

नाशिकमधील ज्या अनुदानित माध्यमिक शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि पुढे मुख्याध्यापिका झाले, त्या शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेत असल्याचे पत्र मी संस्थेला दिले आहे. नियमाप्रमाणे तीन महिन्यांची सूचना दिली असून वयाच्या 58 व्या वर्षापर्यंतची उरलेली सेवा मी सोडत आहे. काहींनी माझे संस्थेशी बिनसले असा तर्क लावल्यामुळे कारण सविस्तर लिहिणे भाग आहे.

दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत मला हृदयविकाराचा झटका आला. छातीत कळ आली नाही. जबडा व पाठ दुखत होती, मळमळत होते आणि जिना चढवत नव्हता. स्त्रियांमध्ये हा विकार अनेकदा अशाच आडवाटेने येतो, पण शिक्षकांच्या खोलीत सर्वांनी पित्त झाले असे ठरवून मला आले-लिंबाचा रस दिला. (माझ्या शिक्षिका मैत्रिणींनी बाकीची पोस्ट वाचली नाही तरी चालेल, हे मात्र लक्षात ठेवावे.) अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला आतल्या रक्तापैकी साधारण 55 ते 70 टक्के रक्त बाहेर ढकलते. माझे 40 टक्क्यांच्या आसपास आहे.

“रजा वाढवा, पद कशाला सोडता?” असे बहुतेकांनी सुचवले. रजा शिल्लक आहे, हे खरे. परंतु अतिदक्षता विभागातून मला बाहेर आणले त्याच संध्याकाळी आमच्या भाऊसाहेबांचा, म्हणजे शाळेच्या लिपिकांचा, माझ्या मुलीला फोन आला. “ताई, मॅडमच्या मोबाइलवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगता का? पगारबिल आजच पुढे जायला हवे.” त्यांच्या आवाजात इतका संकोच होता की मुलीला रागावताही आले नाही. दोष त्यांचा नव्हताच. वेतन देयके, यू-डायस प्लसवरची शाळेची ऑनलाइन माहिती, संचमान्यता (पटसंख्येनुसार शिक्षकांच्या पदांची मंजुरी), पोषण आहाराच्या नोंदी, मंडळाचा पत्रव्यवहार, हे सारे एकाच व्यक्तीच्या सहीपाशी आणून ठेवल्यावर तिने आजारी पडायचे तरी कधी?

कागदपत्रांचे काम वाटून देता येईल, हे मला मान्य आहे. मुलांच्या सुरक्षिततेचे तसे नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर सीसीटीव्हीची सक्ती झाली, ते योग्यच झाले, पण स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ, शाळा सुटल्यावर फाटकाशी रेंगाळणारी पाचवीची मुले आणि नव्याने येऊ लागलेला रिक्षावाला हे फिरूनच पाहावे लागते, आणि दुसऱ्या मजल्यावर जाताना मला आता मध्येच थांबावे लागते. संस्थेच्या एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी “निदान 2027 चा सिंहस्थ होऊ द्या” असा आग्रह धरला. पर्वण्यांच्या काळात रस्ते वळवले जातात, तेव्हा पंचवटीपलीकडून येणारी मुले सुखरूप घरी पोहोचवण्याची आखणी ज्याला धावपळ झेपते त्यानेच केली पाहिजे, असे मी त्यांना नम्रपणे सांगितले.

मला खरे तर वर्गावर परतायला आवडले असते. नववीचा भूगोल मी आजही बसून शिकवू शकते. परंतु खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत पदावरून खाली आणणे ही मोठ्या शिक्षांपैकी एक आहे, आणि आजारपणामुळे स्वतःहून खाली उतरणाऱ्याकडेही लोक त्याच नजरेने पाहतात. संस्थाचालकांनी आणि शिक्षण विभागाने आजारी मुख्याध्यापकाला सन्मानाने अध्यापनाकडे वळण्याची सुटसुटीत वाट करून द्यावी, एवढी माझी जाहीर मागणी आहे. अनुभवी शिक्षक घरी बसवणे शाळांना परवडणारे नाही.

कार्यभार आमच्या पर्यवेक्षिकांकडे सोपवत आहे. त्यांना शाळेचा कोपरा न् कोपरा माहीत आहे. पालकांनी यापुढे प्रवेश, दाखले आणि तक्रारींसाठी मला घरी फोन न करता त्यांनाच शाळेच्या वेळेत भेटावे, आणि निरोप समारंभासाठी वर्गणी गोळा करू नये, ही विनंती.