एका पाकिटात युरियाची गोणी मावत नाही

"हवेत ७८ टक्के नत्र फुकट आहे. जिवाणू खताचं एक पाकीट घ्या, कोणत्याही पिकाला लावा, युरिया कायमचा बंद करा." रावेरपासून शहाद्यापर्यंत शेतकऱ्यांच्या ग्रुपवर हा मजकूर फिरतो. शेवटी आणखी दोन सल्ले जोडलेले असतात: बुरशीनाशक आणि जिवाणू बियाण्याला एकदमच चोळा, आणि हरभऱ्यानंतरच्या पिकाला नत्र देऊच नका. जिवाणू खत खरोखर कामाचं आहे, म्हणूनच या मजकुराचा राग येतो. त्यावर विसंबून कुणी युरिया तोडला आणि पीक पिवळं पडलं, की पुढच्या हंगामात तो पाकिटालाही हात लावत नाही.

आधी "फुकट" या शब्दाचं बघू. हवेतल्या नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून असतात. तो बंध तोडणारं नायट्रोजिनेज नावाचं विकर (एन्झाइम) जिवाणूकडे असतं, पण नत्राच्या एकेका रेणूमागे त्याला किमान १६ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) खर्च करावे लागतात. ही ताकद साखरेतून येते. कडधान्याच्या मुळावरच्या गाठीत राहणाऱ्या रायझोबियमला झाड स्वतःच्या पानांत बनवलेली साखर पोचवतं, त्यामुळे त्याचं पोट भरलेलं असतं. कपाशी, मका, केळी यांना लावतात तो अ‍ॅझोटोबॅक्टर मात्र मातीत सुटा राहतो. शेणखत, पाचट, मुळांतून झिरपणारा रस यांतून मिळेल तेवढ्यावर त्याचं भागतं. प्रयोगशाळेत आयती साखर दिली तरी एक किलो साखरेमागे तो साधारण १० ग्रॅम नत्र बांधतो. म्हणजे जीवामृताच्या (शेण, गोमूत्र, गूळ कालवून आंबवलेल्या पाण्याच्या) २०० लिटरच्या टाकीत २ किलो गूळ टाकला, तर तेवढ्या गुळातून २० ग्रॅम नत्र. केळीच्या एका झाडाची शिफारस २०० ग्रॅमची आहे. जीवामृताचे दुसरे उपयोग असतील, पण त्यातल्या गुळावर नत्राची भिस्त ठेवता येत नाही.

आता एकराचा हिशेब. अ‍ॅझोटोबॅक्टर आणि अ‍ॅझोस्पिरिलम हे जिवाणू चांगल्या परिस्थितीत हेक्टरी १५ ते २० किलो नत्र देतात असं धरतात, म्हणजे एकरी फार तर ८ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असतं, तेव्हा ही बचत अर्ध्या गोणीच्याही आतली. दीड बाय दीड मीटरवर एकरात केळीची सुमारे १,७५० झाडं बसतात. त्यांना ३५० किलो नत्र लागतं, म्हणजे जवळपास १७ गोण्यांचं. त्यातून अर्धी गोणी वजा होईल. ती जरूर करा. शिवाय अ‍ॅझोटोबॅक्टर मुळांच्या वाढीला मदत करणारी संप्रेरकंही सोडतो, तो फायदा वेगळा. ठिबकमधून द्रवरूप जिवाणू सोडत असाल तर त्याच दिवशी नळ्या साफ करायचं अ‍ॅसिड किंवा क्लोरीन सोडू नका.

"कोणत्याही पिकाला" हे तर साफ चूक. रायझोबियमचे गट ठरलेले आहेत. हरभऱ्याचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा. मूग, उडीद, तूर, चवळी, भुईमूग यांचा एक. सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चोळलं तर गाठी धरत नाहीत. पाकिटावर पिकाचं नाव वाचा, मुदत बघा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूपाच्या एका मिलिलीटरमध्ये १० कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असताना पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेल्या पाकिटात तेवढे जिवंत उरत नाहीत. खरेदी पेरणीच्या तोंडावर करा, पाकीट घरात सावलीत, गार जागी ठेवा.

बुरशीनाशक आणि जिवाणू एकत्र कालवले की जिवाणू बियाण्यावरच मरतात. क्रम असा: आधी बुरशीनाशक, मग लागत असेल तर कीटकनाशक, ते सुकल्यावर सगळ्यात शेवटी जिवाणू. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरत असाल तर तो रायझोबियमसोबत चालतो. १० किलो हरभऱ्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा. कोमट पाण्यात घाई केली तर तिथेच नुकसान. त्यातलं अर्धा लिटरच्या आतच पाणी घेऊन भुकटी कालवा. बियाणं ताडपत्रीवर पसरून हलक्या हाताने वरखाली करा, प्रत्येक दाण्यावर काळपट पातळ थर दिसला की थांबा. सोयाबीन रगडू नका, त्याचं टरफल लगेच सुटतं. सावलीत अर्धा तास सुकवून त्याच दिवशी पेरा.

कडधान्यालाही सुरुवातीचे दोन-तीन आठवडे गाठी काम देत नाहीत, म्हणून हरभऱ्याला एकरी १० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद (फॉस्फरस) सांगतात. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खताच्या एका गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद येतं, भागलं. वर पुन्हा युरिया फेकला तर आयतं नत्र मिळालेलं झाड गाठींना साखर पाठवणं कमी करतं.

हरभऱ्यानंतर नत्र देऊच नका, हाही अर्धवट सल्ला. पिकाने मिळवलेलं बरंचसं नत्र दाण्यात जातं आणि दाणा बाजारात. आपल्याकडे हरभरा मुळासकट उपटून खळ्यावर नेतात, भुसा गुरांना जातो. मग वावरात राहिलं काय? विळ्याने कापून मुळं जागेवर ठेवली तर थोडा वाटा जमिनीत राहतो. मूग-उडदावर दादर (रब्बी ज्वारी) घेणाऱ्यांनी शेंगा तोडून झाड गाडलं तर तो वाटा वाढतो, तरी दादरीची पूर्ण गरज त्यातून भागत नाही.

जिवाणू लागू पडले का, हे ३५ ते ४० दिवसांनी तपासता येतं. हरभऱ्याची पाच-सहा झाडं खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढा, ओढू नका, ओढलं की गाठी मातीतच तुटतात. बादलीत ढेकूळ विरघळू द्या. गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल दिसलं तर लेगहिमोग्लोबिन (गाठीतलं लाल रंगद्रव्य) आहे, गाठ कामावर आहे. पांढरी असेल तर कच्ची किंवा निकामी, आठवड्याने पुन्हा बघा; हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलं. आठवड्यानेही सगळ्या पांढऱ्याच निघाल्या, तर या हंगामात पुन्हा पाकीट टाकून उपयोग नाही. फुलोऱ्यात २ टक्के युरियाची फवारणी करा, म्हणजे १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम.