खुर्ची न सोडता नेतृत्व वाटून देण्याची रीत

सगळ्यात आधी दारांवरच्या पितळी पाट्या उतरवा. हिंगणा एमआयडीसीतल्या तुमच्या कारखान्यात जनरल मॅनेजरपासून सुपरवायझरपर्यंत जेवढे आहेत, ते आजपासून सगळे 'सहनेते'. पगारपत्रक मात्र जुन्याच पाट्यांप्रमाणे चालू द्या, अकाउंटवाल्यांची उगाच धांदल नको.

मग एका शनिवारी सर्वांना रामटेककडच्या रिसॉर्टवर न्या. वक्ता पुण्याचा बोलवा. नागपूरचा माणूस आपल्याला काय शिकवणार? तो पडद्यावर नेदरलँड्समधली ब्युर्टझोर्ग दाखवेल. 2006 साली सुरू झालेली घरपोच शुश्रूषेची ही संस्था. जास्तीत जास्त 12 जणांचा गट, वर मॅनेजर नाही. रुग्ण कोण बघेल, नवी नर्स कोणती घ्यायची, सगळं गटच ठरवतो. टाळ्या वाजवा. नोकरभरतीचा विषय लांबायला लागला, की जेवण तयार असल्याचं जाहीर करा.

एखादा आगाऊ पोरगा मेंढा-लेखाचं नाव काढेल. हे परदेशी उदाहरणापेक्षा वाईट, कारण ते आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीतलं आहे आणि कुणीही जाऊन बघून येऊ शकतो. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या त्या गावात ग्रामसभा सर्वांच्या सहमतीनं निर्णय घेते. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पुढे बांबू विकण्याचा अधिकारही ग्रामसभेनं मिळवला. म्हणजे निर्णयासोबत पैसाही तिच्याच हातात. असला अतिरेक आपल्याला परवडायचा नाही. 'त्यांची गोष्ट वेगळी आहे,' एवढं म्हणून पुढची स्लाइड लावा.

सोमवारपासून प्रत्यक्ष काम. मे महिना आहे, पारा 45 च्या पुढे, शॉपवरच्या कूलरचं गवत बदलायचंय. पूर्वी फोरमन पोऱ्याला पाठवून दुपारपर्यंत आणून घ्यायचा. आता विषय 'कूलर गटा'कडे द्या. बैठका होऊ द्या, सगळ्यांचं मत फळ्यावर लिहून घ्या. ठराव झाला की तो तुमच्या सहीसाठी येईल. तेव्हा तुम्ही मुंबईत असा.

"साहेब, पाचशेपर्यंतची सही तरी द्या ना मले, आत्ता आणतो."

"साहेब म्हणायचं नाही. आता आपण सगळे सारखे."

(फोरमन यावर काही बोलणार नाही. तेवीस वर्षं नोकरी केलेला माणूस आहे.)

ऑर्डर वेळेत गेली तर ती तुमची दूरदृष्टी. रखडली तर सामूहिक जबाबदारी, सगळ्यांचा इन्सेंटिव्ह कापा. कुरकुर झालीच तर झॅपोसचा दाखला द्या. बूट विकणाऱ्या या अमेरिकी कंपनीनं 2015 मध्ये मॅनेजरची पदंच काढून टाकताना सांगितलं होतं, पटत नसेल तर पैसे घ्या आणि जा. शेकडो लोक गेले. सांगताना पैशाचा भाग वगळा.

आणि कुणी हे सगळं खरं समजून, तुम्हाला न विचारता, स्वतःच्या खिशातून गवत आणून कूलर सुरू केलाच, तर पुढाकार घेतल्याचं प्रशस्तिपत्र आणि परवानगी न घेतल्याचा मेमो एकाच पाकिटात द्या.