एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: रिमोट स्टार्ट, टायरचा पिवळा दिवा आणि त्या दोन तारा

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं: आमच्याकडून चार नवे टायर टाकून अलाइनमेंट केली, तेव्हापासून गाडीचं रिमोट स्टार्ट (गाडीत न बसता रिमोट किंवा मोबाइलवरून इंजिन सुरू करायची सोय) बंद पडलं. टायर प्रेशरचा पिवळा दिवा रोज सकाळी लागतो, म्हणजे आम्ही नायट्रोजन न भरता साधी हवा मारली. आणि रिमोट स्टार्ट चालू व्हावं म्हणून बोनेटच्या स्विचच्या 'दोन तारा जोडायचं पाच मिनिटांचं काम' सांगितलं तर मालकाने सरळ नाही म्हटलं, वर मॅन्युअल वाचायला सांगितलं. हे उत्तर बाकीचे लोकही वाचतील, म्हणून तुमची बाजू आधी लिहिली.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तुमचा खरा राग त्याचाच आहे. हो, मी नाही म्हणालो. उद्या पुन्हा विचारलंत तरी नाहीच म्हणेन.

गाडी परत आणलीत तेव्हा डॅशबोर्डवर बोनेट उघडं असल्याचं चित्र लागलेलं होतं. बोनेट तर घट्ट बसलेलं. तुमच्या समोरच उघडून बघितलं. लॉकच्या शेजारी बोटाच्या पेराएवढा एक स्विच असतो, त्याला दोन बारीक तारा जातात. त्यातली एक कुरतडलेली होती, आतलं तांबं उघडं पडलेलं, आणि बॅटरीच्या ट्रेमध्ये काळ्या इन्सुलेशनचा भुगा आणि उंदराच्या लेंड्या. टॉर्च मारून तुम्हाला दाखवलं, तुम्ही फोटोही काढलात. टायर बदलताना किंवा अलाइनमेंट करताना आम्हाला तुमच्या गाडीचं बोनेट उघडावं लागत नाही. थंडी पडली की उंदीर गरम इंजिनच्या आसऱ्याला जातात. आपल्या नाशिकच्या मखमलाबाद, गंगापूर रोडच्या मळ्यांलगतच्या सोसायट्यांमधून अशा गाड्या दर हिवाळ्यात येतात.

आता त्या स्विचचं काम. रिमोटवरून किंवा मोबाइलच्या अ‍ॅपवरून इंजिन सुरू करायला सांगितलं की गाडी आधी स्वतःची तपासणी करते. दारं लॉक आहेत का, ऑटोमॅटिक गाडी 'पी'मध्ये (पार्किंगच्या गिअरमध्ये) आहे का, बोनेट बंद आहे का. यातलं एक जरी चुकलं तरी ती सुरू होत नाही. बऱ्याच गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागलेला असला तरी होत नाही. तुमच्या गाडीला तार तुटल्यामुळे बोनेट उघडंच वाटतंय, म्हणून ती नकार देतेय. बाकी सिस्टीम ठणठणीत आहे, किल्लीने गाडी सुरू होतेच.

त्या दोन तारा जोडून टाकल्या तर गाडीला बोनेट कायम बंदच वाटेल. मग एखाद्या रविवारी तुमचे वडील वायपरचं पाणी भरायला बोनेट उघडून वाकलेले असतील, हात बेल्टजवळ असेल, आणि वर घरात मुलाच्या हातात तुमचा मोबाइल असेल. गाडी सुरू होईल. तो स्विच नेमका एवढ्यासाठीच बसवलेला आहे. बाहेर कोणीही शंभर-दोनशे रुपयांत तारा पिळून देईल, हे मला माहीत आहे. माझ्या दुकानात ते होणार नाही. शिवाय तुमची गाडी वॉरंटीत आहे. बाहेर वायरिंगला हात लावला तर उद्या इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या कुठल्याही क्लेमला कंपनी आडवी येऊ शकते. म्हणून तुम्हाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवलं, आणि तपासणीचा एक रुपया घेतला नाही.

पिवळ्या दिव्याकडे येतो. नायट्रोजनचे पैसे आम्ही घेतलेलेच नाहीत, बिल काढून बघा. टायरसोबत साधी हवा भरली आणि तसं सांगितलं होतं. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो, थोडा सावकाश गळतो, एवढा त्याचा फायदा. पण थंडीत प्रेशर उतरतं ते दोन्हींचं सारखंच उतरतं. ढोबळ हिशेब असा, की तापमान पाच-सहा अंशांनी खाली आलं की साधारण एक पीएसआय (टायरमधली हवा मोजायचं एकक, खालचे आकडे त्यातलेच) कमी होतं.

तुमच्या गाडीत ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर आहे, त्यावर ३३ लिहिलंय. आम्ही ३३ भरून दिली. मग तुम्हीच बोलता बोलता सांगितलंत, की समृद्धीवरून संभाजीनगरला जाऊन आलात, येताना पंपावर चेक केलं तर ३८ दाखवलं, 'टायरवाल्याने जास्त मारली' म्हणून पंपावरच्या पोराकडून सोडून ३० करून घेतली. सर, सगळा घोळ इथे आहे. महामार्गावर पळून आलेला टायर तापलेला असतो. थंड असताना ३३ असलेल्या टायरचे तेव्हा ३७-३८ होणं अगदी बरोबर आहे. त्या तापलेल्या टायरमधली हवा सोडून ३० केली, की दुसऱ्या दिवशी नाशिकच्या दहा अंशांच्या पहाटे तीच हवा २४ वर येते. अशा सिस्टीममध्ये दिवा बहुधा ठरलेल्या प्रेशरपेक्षा पाव भाग कमी झालं की लागतो. ३३ चा पाव भाग वजा केला तर पावणेपंचवीस. म्हणजे दिवा बरोबर सांगतोय. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, गाडी निदान तीन तास उभी असताना मोजायचा. मॅन्युअल वाचा म्हणालो ते या पानासाठी. तुम्हाला तो अपमान वाटला याचं वाईट वाटलं. माझा हेतू तसा नव्हता.

तुम्ही असंही सांगितलंत, की दिवा जावा म्हणून सकाळी निघायच्या आधी दहा मिनिटं गाडी वरूनच सुरू करून ठेवायचात, आणि आता रिमोट स्टार्ट बंद असल्यामुळे तेही जमत नाही. उभ्या गाडीचं इंजिन चालवून टायर गरम होत नाहीत. टायर तापतो तो रस्त्यावर फिरताना, रबर दबून-सुटून. दिवा जायचा तो तुम्ही रस्त्याला लागून थोडं अंतर गेल्यावर. आणि तो गेला म्हणजे हवा पुरेशी झाली असंही नाही. टायर तापल्यामुळे आकडा तेवढ्यापुरता वर चढतो, टायर कमी हवेवरच धावत असतो.

कमी हवेवर गाडी चालवण्याची ही सवय जुनी असावी. तुमचे जुने टायर उतरवले तेव्हा चारही टायरचे दोन्ही खांदे खाल्लेले होते आणि मधली पट्टी शाबूत. हवा जास्त असती तर मधला भाग गेला असता. अलाइनमेंटचा दोष असता तर बहुतेक एकच कड गेली असती. दोन्ही कडा जातात ते हवा कमी असल्याने. खांद्याजवळ खाच दीड मिलिमीटरही उरली नव्हती, कायद्याने कारला किमान १.६ लागते. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. हे कोणालाही घरी बघता येतं.

एवढं लांबण लावतोय ते समृद्धीमुळे. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे, सरळ काँक्रीटचा रस्ता, ब्रेक लावायची वेळच येत नाही. कमी हवेचा टायर तिथे प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, आतून तापत जातो आणि शेवटी फुटतो. एप्रिल-मेच्या उन्हात तर लवकरच. तुम्ही बायको-मुलांना घेऊन दर महिन्याला जाता. निघायच्या दिवशी सकाळी घरीच प्रेशर मोजा. गाडी भरलेली असेल तर स्टिकरवर पूर्ण लोडचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो ठेवा. तापलेल्या टायरमधली हवा वाटेत सोडू नका.

रिमोट स्टार्टबद्दल एक गोष्ट दुकानात घाईत राहून गेली होती, ती इथे लिहितो. तुमची गाडी इमारतीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये असते, आणि तुम्ही वरून सुरू करून चहा पिऊन खाली येता. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद बेसमेंटमध्ये तो साचतो, आणि तळमजल्याच्या पार्किंगमधून पहिल्या मजल्याच्या खिडक्यांत शिरू शकतो. तिथे वॉचमनचं कुटुंब झोपत असेल तर आणखी वाईट. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना आपल्या नाशिकच्या थंडीत अर्धा-एक मिनिट पुरतं, त्यानंतर हळू चालवत निघालं की इंजिन गरम होतं. दहा मिनिटांनी गाडी आपोआप बंद होते म्हणून दहा मिनिटं चालू ठेवायलाच हवी असं नाही.

कॉलेज रोडला ऑफिसखाली रस्त्यावर लावून वरून सुरू करता, तेही टाळा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२६ सांगतं, की सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर ड्रायव्हरच्या सीटवर लायसन्सवाला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. या सोयीचा खरा उपयोग उन्हाळ्यात आहे. स्वतःच्या मोकळ्या आवारात गाडी उन्हात तापलेली असताना उतरतानाच एसी चालू ठेवलेला असेल, तर बऱ्याच गाड्या रिमोटने सुरू झाल्यावर तीच सेटिंग धरतात. दोन-तीन मिनिटांत स्टेअरिंग हात लावण्याजोगं होतं. मलाही ते फीचर आवडतं. तुमचं दुरुस्त होऊन नीट चालावं असंच मला वाटतं.

आता पुढचं. सर्व्हिस सेंटरला स्विच आणि कनेक्टर नवा टाकून घ्या आणि वायरिंगला उंदरांसाठीची जाळी किंवा टेप मागा. बॅटरीजवळचा कचरा साफ करायलाही सांगा, नाहीतर उंदीर पुन्हा तिथेच येईल. हवेचं म्हणाल तर गाडी दुकानात आणूच नका, कारण येईपर्यंत टायर तापतील. सकाळी गाडी हलवायच्या आधी फोन करा. आमचा मुलगा गेज आणि छोटा कंप्रेसर घेऊन तुमच्या पार्किंगमध्ये येईल, चारही टायर आणि स्टेपनी थंड असताना तुमच्या समोर ३३ करून देईल. पैसे लागणार नाहीत. त्यानंतर आठवडाभरात पुन्हा दिवा लागला तर व्हॉल्व्ह किंवा रिमजवळ कुठेतरी गळती आहे. तेव्हा गाडी घेऊन या, चारही टायर पाण्यात घालून तपासू, आणि दोष आमच्या फिटिंगचा निघाला तर ते काम आमच्या खर्चाने करून देऊ.