इंटर्नशिप तुम्हीच कंपल्सरी केली ना?

परत तेच! कंपनीच्या कामासाठी चार दिवस चाकणला साइटवर होते, सकाळी आठला प्लांटमध्ये सेफ्टी शूज घालून उभी, रात्री लॉजवर बसून रिपोर्ट, रविवारी रात्री साडेअकराला ऐरोलीला घरी पोचले, सोमवारी सकाळी ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत लोंबकळत ठाण्याला कॉलेज गाठलं तर काय, अटेंडन्स ७५ टक्क्यांच्या खाली, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव! अहो मॅडम, इंटर्नशिपचे क्रेडिट तुमच्याच मार्कशीटवर येणारेत ना? कंपनीचं लेटर जायच्या आधीच दिलेलं, सही-शिक्क्यासकट. ऑफिसवाले म्हणतात एचओडींची, म्हणजे विभागप्रमुखांची, सही आणा, एचओडी म्हणतात आधी ऑफिसात इनवर्ड करा, म्हणजे आवक नोंद करून घ्या, आणि ही तिसरी वेळ आहे, तिसरी! वर बुडलेल्या प्रॅक्टिकलचं जर्नल दोन दिवसांत पूर्ण पाहिजे.

तिकडे बंद पडलेल्या कन्व्हेयरचा खराब सेन्सर मी स्वतः शोधला, पीएलसीवरचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवरचा, फॉल्ट पहिल्यांदा नीट वाचता आला, ते कोणी एका शब्दाने विचारलं नाही, फार लागलं मनाला. लेटर आलं की त्याच दिवशी त्या तारखांची अटेंडन्स लावून टाका ना, एवढंच तर मागतोय आम्ही.