हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये नको, आणि चेकडिस्क तर त्याहून नको

दर दोन-चार महिन्यांनी एक मेसेज फिरत फिरत माझ्यापर्यंत येतोच. एक्स्टर्नल हार्ड डिस्क अडकायला लागली, तर म्हणे ती पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी हलकेच ठोका, मग चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवा. विंडोजने फॉरमॅट मागितलं तर बिनधास्त क्विक फॉरमॅट करा आणि रिकव्हरी सॉफ्टवेअर लावा. एवढ्यानं भागलं नाही, तर तशाच दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड काढून बसवा. शेवटी अर्थातच 'शंभर टक्के खात्रीशीर'.

फ्रीजरची युक्ती अगदीच हवेतली नाही, हे आधी कबूल करतो. जुन्या डिस्कमध्ये हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, डेटा साठवणाऱ्या तबकडीवरच उतरायचं आणि कधीकधी तिथेच चिकटून बसायचं. थंडीनं धातू किंचित आकसला की ते सुटायचं, डिस्क थोडा वेळ चालायची आणि माणूस आयुष्यभर ती गोष्ट सांगत सुटायचा. आजकालच्या पोर्टेबल डिस्क बंद होताना हेड तबकडीच्या बाहेर, रॅम्प नावाच्या छोट्या उतारावर जाऊन बसतं. आजारच दुर्मिळ झालाय, औषध मात्र अजून वाटलं जातंय. त्यात या डिस्क हवाबंदही नसतात. त्यांना फिल्टर लावलेलं एक बारीक छिद्र असतं. गार डिस्क बाहेर काढली की दमट हवा आत शिरून तबकडीवर दव धरू शकतं. हेड तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. त्या अंतरात पाणी आलं तर काय होईल, ते सांगायला नको. आणि ठोकायचं म्हणाल, तर मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला धक्का द्यायची हौस कुणाला असावी?

माझा खरा राग चेकडिस्कवर आहे, कारण तो उपाय शहाणपणाचा वाटतो. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे त्या नोंदवहीचा, हिशेब जुळवणं. तुमचे फोटो वाचवणं हे त्याचं कामच नाही. ज्या नोंदी वाचता येत नाहीत किंवा जुळत नाहीत, त्या तो दुरुस्त करतो नाहीतर काढून टाकतो, आणि हे सगळं त्याच मरणाऱ्या डिस्कवर लिहितो. 'आर' पर्याय लावला तर रिकाम्या जागेसकट सगळी डिस्क तासन्‌तास घासून वाचतो. एका नातेवाइकांनी असंच करून डिस्क माझ्याकडे आणली. उघडली तर वर्षावर्षांचे फोल्डर गायब, आणि 'फाउंड ०००' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये 'फाइल ००००', 'फाइल ०००१' अशी रांग. लग्न कुठलं नि बारसं कुठलं, एकेक उघडून बघत बसलो.

'वापरण्याआधी फॉरमॅट करा' या सूचनेचा अर्थ इतकाच, की विंडोजला फाइल सिस्टिम वाचता आली नाही. क्विक फॉरमॅटनंतरही बराच डेटा जागेवर राहतो, म्हणून हा सल्ला अधूनमधून खरा ठरतो. पण फोल्डर आणि नावं हातची जाऊ शकतात. क्विकची खूण चुकून निघाली, तर व्हिस्टापासून पुढचं विंडोज अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितं. मग विषयच संपला.

बोर्डाची अदलाबदल एके काळी चालायची. आता त्या त्या डिस्कच्या जुळणीची माहिती बोर्डावरच्या चिपमध्ये असते. ती चिप काढून नव्या बोर्डावर लावावी लागते. हे घरच्या स्क्रूड्रायव्हरचं काम नाही.

मग करायचं काय? आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा; निम्म्या वेळा मलाच तिथे लाज वाटलीय. त्यानंतर कान लावा. टक्‌-टक्‌-टक्‌ असा ठरावीक आवाज येत असेल, तर हेडला आपली जागा सापडत नाहीये. तिथेच वायर काढा. डेटा मोलाचा असेल तर क्लीन रूम, म्हणजे धूळमुक्त खोली, असलेल्या लॅबकडे द्या, नसेल तर सोडून द्या.

आवाज नाही, फक्त कॉपी अडकतेय आणि स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींच्या) यादीत १९७ क्रमांकाचा, म्हणजे पेंडिंग सेक्टरचा (वाचताना अडलेल्या तुकड्यांचा), आकडा शून्याच्या वर गेलाय? मग फाइली एकेक ओढत बसू नका. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून संगणक थेट सुरू होतो) डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर चालवून अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढा. ते सोपा भाग आधी उचलतं आणि अडणाऱ्या जागा शेवटी ठेवतं. सामान्य कॉपी नेमकं उलटं करते, पहिल्याच खराब सेक्टरवर डोकं आपटत बसते. टेस्टडिस्क, फोटोरेक ही रिकव्हरी सॉफ्टवेअरं, हवं तर तुमचं लाडकं चेकडिस्कसुद्धा, मग त्या प्रतिमेच्या आणखी एका प्रतीवर खुशाल चालवा.

दोन गोष्टींत लोक फसतात. प्रतिमेसाठी जागा डिस्कच्या पूर्ण क्षमतेएवढी लागते. दोन टीबीच्या डिस्कवर दोनशे जीबीच भरलेले असले तरी दोन टीबी. आणि डीडीरेस्क्यूला मॅप फाइलचं नाव द्यायला विसरू नका. कुठवर वाचून झालं ते तिच्यात नोंदलं जातं, म्हणून डिस्क मध्येच गळाली तरी काम तिथूनच पुढे सुरू करता येतं. फक्त ती फाइल त्याच मरणाऱ्या डिस्कवर ठेवू नका. हसू नका, मी ठेवलेली पाहिलीय.